तंजावरच्या अंगणातील गुलाब



तंजावरचे नाव निघाले की डोळ्यांपुढे प्रथम बृहदीश्वराचे उत्तुंग विमान उभे राहते. मग त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो, सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, वीणा आठवते. गुलाब मात्र कोणालाच आठवत नाही, आणि त्यात नवल नाही. गुलाबाने राहावे ते उटीला, कोडैकानलला, फार तर बंगळूर-पुण्याला, अशी आपली समजूत. कावेरीच्या मुखाकडील ह्या सपाट, चिकणमातीच्या, मे महिन्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या मुलखात गुलाबाचे काय काम? मोडी कागद वाचण्याच्या निमित्ताने मी ह्या गावी येऊन राहिलो तेव्हा माझेही मत असेच होते. ते बदलले कसे, आणि बदलता बदलता मला सरफोजी राजांच्या काळापर्यंत मागे का जावे लागले, ते आज आपल्याला सांगायचे आहे.

प्रारंभ एका फजितीपासून करतो. आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या वृद्ध बाईंनी (गल्लीतील सारेच त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणू लागलो) मला बाजारातून पूजेसाठी 'पन्नीर' आणावयास सांगितले. मी दुधाच्या दुकानी गेलो आणि पनीरची वडी घेऊन आलो. अक्का तंजावरी मराठी बोलतात. त्या बोलीत कित्येक शब्द आपल्या आजोबांच्या वेळचे आहेत आणि कित्येक शुद्ध तमिळ. त्यांनी ती वडी पाहिली, डोक्याला हात लावला आणि मला आपल्या परसात नेले. विहिरीलगत कमरेइतक्या उंचीची एक कुंपणासारखी दाट ओळ होती. तिच्यावर गडद गुलाबी रंगाची, विस्कटलेल्या पाकळ्यांची, साधारण दोन बोटे रुंद फुले लागली होती, आणि त्यांचा वास विहिरीच्या दुसऱ्या बाजूलाही येत होता. हा 'पन्नीर रोजा'.

तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. दंवासारखे थंड पाणी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगतात. ज्या फुलाचे ते पाणी निघते त्यालाही पुढे तेच नाव लागले. आता गंमत अशी की, आपल्या मराठीतही नेमके हेच घडले आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. तेव्हा 'गुलाब' ह्या शब्दाचा पहिला अर्थ फूल हा नव्हेच, तो फुलाचे पाणी हा आहे. दरबार किंवा मेजवानी आटोपताना 'अत्तर-गुलाब' देण्याची चाल आपण जुन्या बखरींतून आणि कादंबऱ्यांतून वाचतो, तिथे कोणी कोणाच्या हाती काटेरी फूल देत नव्हते. गुलाबदाणीतून पाणी शिंपडीत होते. तंजावरच्या लग्नात आजही मांडवाच्या दाराशी चांदीची पन्नीरदाणी घेऊन मुली उभ्या असतात. दोन्ही भाषांनी पाण्याचे नाव फुलाला दिले. म्हणजे दोन्ही समाजांची ह्या फुलाशी पहिली ओळख बागेत न होता बाटलीतून झाली असली पाहिजे, असे मला वाटते. संस्कृतात भावमिश्राच्या निघंटूत ह्या फुलाला शतपत्री, तरुणी अशी नावे आहेत खरी. पण ती वैद्यांच्या पोथीतच राहिली, घरातल्या तोंडी आली नाहीत.

आता हा पन्नीर रोजा आला कोठून? शेतकी पुस्तकांत त्याला 'एडवर्ड रोझ' म्हणतात. हे नाव इंग्लंडच्या कोणा राजाचे असावे असे अनेकांना वाटते. वास्तविक ते फ्रेंच 'एदुआर' आहे, आणि त्याचा संबंध हिंदी महासागरातील एका बेटाशी येतो. त्या बेटाचे त्या काळचे नाव बूर्बों. आज त्याला रेयुनियन म्हणतात. तेथील मळेवाले शेतांना गुलाबांची कुंपणे करीत. एका ओळीत दमास्कसचा गुलाब, दुसऱ्या ओळीत चिनी गुलाब, अशा कुंपणांतच कधीतरी दोहोंचा आपोआप संकर झाला. १८१७ च्या सुमारास ब्रेओं नावाच्या फ्रेंच वनस्पतिज्ञाचे त्या झाडाकडे लक्ष गेले; त्याने त्याचे बी पॅरिसला धाडले आणि युरोपात बूर्बों गुलाबांचे सारे घराणे त्यापासून वाढले. दमास्कसच्या बाजूने सुगंध आला. चिनी बाजूने पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला. आणि हीच जोडी दक्षिण हिंदुस्थानच्या मैदानात अशी रुजली की, आज तमिळ देशात ज्या खुंटावर इतर गुलाबांचे डोळे भरतात त्यांपैकी हा एक मुख्य खुंट आहे.

पुन्हा पुन्हा फुलणे हा गुण वाटतो तितका साधा नाही. युरोपातील जुने गुलाब वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आरंभी, तीनचार आठवडे फुलत आणि मग पुढच्या वर्षापर्यंत नुसती पाने. फक्त दमास्कसच्या एका प्रकाराला शरद ऋतूत दुसरा थोडासा बहर येई. बारमाही फुलणारा गुलाब चीनच्या बागांत होता, आणि तो युरोपात पोहोचला तो अठराव्या शतकाच्या शेवटी, कंपनीच्या जहाजांतून. १७९२ च्या सुमारास गिल्बर्ट स्लेटर ह्याच्या नावाचा किरमिजी, १७९३ मध्ये पार्सन्सचा गुलाबी, १८०९ मध्ये सर अब्राहम ह्यूम ह्याच्याकडे आलेला चहासारख्या वासाचा. कँटनहून निघालेली ही जहाजे कलकत्त्याला थांबत, झाडांच्या कुंड्या तेथील बागेत विसावा घेत. म्हणून फ्रेंच लोक चिनी गुलाबाला 'बंगालचा गुलाब' म्हणू लागले. त्याच्या आधीच, १७५३ साली, लिनियसने एका चिनी गुलाबाला 'रोझा इंडिका' असे नाव देऊन ठेवले होते. इंडिका इंडियाचा नव्हता; एडवर्ड इंग्रज नव्हता. गुलाबांच्या नावांवरून त्यांचे कूळ ठरवू जाल तर फसाल, एवढेच मी म्हणेन.

ह्यूमचे ते झाड नेपोलियनशी युद्ध चालू असताना नाकेबंदीतून खास परवान्याने पलीकडे जोसेफिनच्या बागेत गेले, असे सांगतात. इकडे त्याच युद्धाच्या शेवटी, इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून, तंजावरच्या सरफोजी राजांनी समुद्रकिनारी मनोरा बांधला. तो अजून उभा आहे. १८१४ च्या सुमाराचा हा षट्कोनी बुरूज पाहताना प्रत्येक मराठी माणसाला थोडे अवघडल्यासारखे होते. शिवछत्रपतींच्या भावाच्या वंशजाने इंग्रजांच्या जयाचा मनोरा बांधावा, हे कसे?

ह्या प्रश्नाला टाळून सरफोजींविषयी बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यांचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे वारले. गादी अमरसिंहांकडे गेली. मुलाच्या जिवाला धोका आहे अशा शंकेने श्वार्ट्झ ह्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याला १७९३ मध्ये मद्रासेस हलविले. १७९८ मध्ये कंपनीच्या पाठिंब्याने सरफोजी गादीवर बसले, आणि त्याची किंमत पुढच्याच वर्षी चुकती झाली: १७९९ च्या तहाने राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले ते किल्ला, त्याच्या भोवतालचा थोडा भाग, वार्षिक एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस. पुढे तेहतीस वर्षे, १८३२ मध्ये देहावसान होईपर्यंत, हा माणूस राज्य नसलेला राजा होता.

अशा अवस्थेत काय करावयाचे, ह्याची उत्तरे त्या शतकातील अनेक संस्थानिकांनी आपापल्या परीने दिली. बहुतेकांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत आणि ती सांगण्यासारखी नाहीत. सरफोजींनी ग्रंथ जमविले. छापखाना घातला आणि इसापाच्या नीतिकथा 'बालबोधमुक्तावली' ह्या नावाने मराठीत छापल्या. महाराष्ट्रात तेव्हा अजून पेशवाई होती आणि छापील मराठी पुस्तक दुर्मिळ होते. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चालविली, डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे ठेवविली. तंजावरच्या चित्रकारांकडून पशुपक्षी आणि वनस्पती ह्यांची चित्रे काढविली. रेसिडेंट बेंजामिन टोरिन ह्याला त्यांनी दिलेला असा एक संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

वनस्पतींची ही आवड आकाशातून पडली नव्हती. तंजावरच्या पूर्वेस समुद्रकिनारी तरंगंबाडी, म्हणजे युरोपीयांचे ट्रांकेबार. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते डेन लोकांना दिले होते. तेथे १७६८ मध्ये योहान क्यॉनिग हा वैद्य आला. तो प्रत्यक्ष लिनियसचा शिष्य. झाडांची वर्गवारी करण्याची लिनियसची पद्धत हिंदुस्थानच्या मातीत प्रथम रुजली ती ह्या किनाऱ्यावर, आणि त्याच्यामागून जॉन, रॉटलर, क्लाइन अशा मिशनऱ्यांनी व वैद्यांनी ती पुढे चालविली. श्वार्ट्झचे हे सोबती. त्यांच्याच वर्तुळात सरफोजींचे शिक्षण झाले. १८२६ च्या वसंतात बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लिनियस, बुफाँ आणि लाव्हाझिए ह्यांचे दाखले राजे सहज देतात, शेक्सपिअरच्या काव्याची त्यांना चांगली जाण आहे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत हेबर त्रिचनापल्लीस वारले. तेव्हा ते लिखाण त्यांच्या अखेरच्या दिवसांतले ठरले.

लिनियस वाचणारा राजा आणि बूर्बोंच्या कुंपणातला संकर, ही दोन्ही एकाच पिढीतील. चिनी गुलाबाने इंग्लंडात प्रथम डोळे उघडले तेव्हा सरफोजी मद्रासेत शिकत होते; बूर्बोंचा गुलाब ब्रेओंच्या नजरेस पडला तेव्हा ते चाळिशीत होते आणि काशीयात्रेचा बेत त्यांच्या मनात घोळत असावा, कारण १८२० मध्ये ते हजारो माणसांचा लवाजमा घेऊन निघाले. मनोऱ्याचे जे अवघडलेपण मी मघाशी म्हटले ते ह्याने नाहीसे होत नाही. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच हातून ज्ञान घ्यावयाचे, आणि ते घेऊन मराठीत छापावयाचे, हा सौदा त्यांनी पत्करला. त्याचा हिशेब आपण इतक्या वर्षांनी बसून सोयीस्करपणे मांडू नये, असे माझे मत आहे.

आता दीडशे वर्षांची उडी घेऊन इंग्लंडात जाऊ. श्रॉपशायर परगण्यात आल्ब्राइटन गावी डेव्हिड ऑस्टिन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा (१९२६ ते २०१८) गुलाबांचा नाद घेऊन बसला होता. त्या सुमारास बाजारात जे गुलाब होते, लांब दांड्याचे, टोकदार कळीचे, भडक रंगाचे, त्यांचा त्याला कंटाळा आला होता. जुन्या गुलाबांचे रूप, म्हणजे वाटीसारखे, शेकडो पाकळ्या घट्ट बसविलेले फूल, आणि जुना सुगंध त्याला हवा होता. पण फुलणे मात्र बारमाही हवे होते. १९६१ मध्ये त्याचा 'कॉन्स्टन्स स्प्राय' आला. रूप अप्रतिम, पण फुलणे वर्षातून एकदाच. कारण सांगतो. एकदा फुलणारे झाड आणि सदा फुलणारे झाड ह्यांचा संकर केला, की पहिल्या पिढीत सदा फुलण्याचा गुण दबून राहतो; ही संतती पुन्हा बारमाही झाडांशी जुळवावी लागते, तेव्हा कोठे तो गुण वर येतो. ऑस्टिनला त्याला आठ वर्षे लागली. १९६९ मध्ये त्याचे पहिले बारमाही गुलाब निघाले, आणि १९८३ मध्ये 'ग्रॅहॅम टॉमस' व 'मेरी रोझ' ह्या दोघांनी त्याचे नाव जगभर नेले. ह्या वर्गाला लोक इंग्लिश गुलाब म्हणतात. त्यांच्या रक्तातील चिनी भाग काढून घेतला तर ते जूनमध्ये चार आठवडे फुलून गप्प बसतील, हे आता आपल्या लक्षात आलेच असेल.

मी तीन झाडे आणली: पिवळा ग्रॅहॅम टॉमस, गुलाबी मेरी रोझ, आणि गडद गुलाबी, अतिसुगंधी 'गर्ट्रूड जेकिल'. ती एका थंड हवेच्या गावच्या रोपवाटिकेतून आली. रोपवाल्याने सांगितले होते की, 'कोठेही लावा, होतील.' पहिल्या पावसाळ्यातच दोन झाडांची मुळे कुजली. येथे पाऊस आपल्याकडच्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो, आणि आला की चिकणमातीतले आळे आठ आठ दिवस तळे होते. पुढच्या वर्षी मी वाफे हातभर उंच केले, वाळू आणि जुने शेणखत मिसळले, आणि पुन्हा लावली.

ह्या खेपेस जगली. ग्रॅहॅम टॉमसने मात्र मला चकित केले. इंग्लंडात चार-पाच फुटांचे झुडूप म्हणून ज्याची कीर्ती, त्याने येथे दहा दहा फुटांचे फोक काढले आणि टोकाला एकएक फूल. थंडी नाही, तेव्हा झाडाला थांबायचे कारणच नाही. ते वाढतच सुटते. मग फोक आडवे वाकवून बांबूला बांधले, तेव्हा प्रत्येक डोळ्यातून आखूड फांदी फुटली व त्यांवर फुले आली. मेरी रोझ सर्वांत समजूतदार. पण नोव्हेंबरात तिची पाने काळ्या ठिपक्यांनी झडून जात, आणि एप्रिलात लाल कोळी पाठ धरी. गर्ट्रूड जेकिलचा वास असा, की जानेवारीतल्या सकाळी एकच फूल उमलले तरी ओसरीवर बसलेल्या माणसाने वाचन थांबवावे. पण तेच फूल मे महिन्यात पहाटे उघडे आणि दहाच्या ठोक्याला मान टाकी. रंग फिका, पाकळ्या निम्म्या.

आणि पलीकडे विहिरीपाशी अक्कांचा पन्नीर. त्याला औषध नाही, खत म्हणजे भांड्यांचे पाणी. पाकळ्या विस्कळीत, फूल दुपारनंतर टिकत नाही, पुष्पपात्रात ठेवण्याच्या लायकीचे नाही. पण रोज पहाटे परडीभर. उन्हाळ्यात फूल लहान होते, थांबत मात्र नाही. फुलाच्या सौंदर्यात गर्ट्रूड जेकिल कितीतरी वरचढ आहे, हे मी कोणापुढेही कबूल करीन. वर्षाच्या हिशेबात तिची बरोबरी नाही.

आपल्या देशात ह्यावर विचार झालेला नाही असे नव्हे. डॉ. बी. पी. पाल ह्यांनी गुलाबांवर आयुष्य घालविले. त्यांचे 'द रोझ इन इंडिया' १९६६ मध्ये निघाले. कोडैकानलच्या विरराघवन दांपत्याने तर आणखी मूळाशी हात घातला. मणिपुराच्या डोंगरांतला महाकाय रानगुलाब आणि बंगाल-बिहारच्या पाणथळ जागी उगवणारा रानगुलाब, हे दोघेही उष्णता सोसणारे. त्यांच्या रक्ताने उष्ण देशांचे गुलाब तयार करावेत, असा त्यांचा उद्योग. माझ्यासारख्या मैदानातल्या माणसाला खरी आशा तेथे आहे.

मी त्या मानाने सोपा मार्ग धरला. अक्कांकडे पन्नीरची छाटे मागितली. 'कशाला?' म्हणाल्या. मी म्हटले, 'त्यांवर माझ्या झाडांचे डोळे भरतो. मुळे तुमची, फूल माझे.' त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आमचे फूल मग कुठे जाणार?' मला उत्तर सुचले नाही. त्यांची नातवंडे चेन्नईला असतात. फोनवर त्यांच्याशी त्या तमिळच बोलतात, आणि देवापुढे रामाची आरती मात्र मराठीत म्हणतात. छाटे त्यांनी दिली. स्वतः निवडून दिली.

डिसेंबरअखेर, पाऊस सरल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर जमिनीलगत टी आकाराचा छेद घेऊन डोळे बसविले. सहांपैकी चार लागले. तीन आठवड्यांत डोळा फुगला, की वरचा खुंट तोडावयाचा, आणि खालून फुटणारे पन्नीरचे कोंभ बोटाने मोडून टाकावयाचे. नाही तर ते कलमाला खाऊन टाकतात, असे प्रत्येक पुस्तक बजावते. तीन झाडांवर मी ते केले. चौथ्यावर एक कोंभ मोडायचा राहिला, किंवा मी राहू दिला म्हणा.

त्या झाडावर गेल्या जानेवारीत वर गर्ट्रूड जेकिलचे पहिले फूल आले आणि हातभर खाली पन्नीरची पाच. पन्नीरचा कोंभ कलमाच्या दुप्पट वाढला आहे, हे खरे. अक्का सकाळी परडी घेऊन आल्या, पाच खुडली, वरच्याकडे पाहिले, हुंगले, आणि तेही खुडून परडीत टाकले. 'वास चांगला आहे,' म्हणाल्या, 'पण हे उद्या येईल का?' उद्या काही ते आले नाही. पुढची कळी धरायला पंधरवडा लागला. कोंभ अजून मी तोडलेला नाही. ह्या वर्षी पाऊस लांबला तर छाटणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात करीन, तेव्हा पाहू.